शीलाच्या नावाचं लॉगिन

सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा सुकेशनी खिल्लारे शहरात, उस्मानपुऱ्यातल्या आपल्या भाड्याच्या घरात ड्रम भरत होती. सात दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. ते अजून किती वेळ राहील याचा नेम नव्हता.

"मॅडम, लासूर स्टेशनहून नानासाहेब वाकळे बोलतोय. दूध केंद्राचा चेअरमन. टाकीतलं सगळं दूध नासलं. दोन हजार लिटर. शहरातून आलेला टँकर रिकामा परत चाललाय."

"कूलर बिघडला का?"

"बिघडला नाय. रात्री बंद केला कोणीतरी. आन कोणी केला, ते तुमच्याच मशीनमधी लिहिलंय. शीलाचं नाव आहे. जमादार येऊन बसलेत. त्यांना तो कागद तुमच्या सहीनं पाहिजे. लगेच निघा."

सुकेशनीनं पाइप आईच्या हातात दिला आणि बस पकडली.

केंद्रातली ती यंत्रणा तिनंच मार्चमध्ये बसवली होती. ऑफिसातल्या कपाटात एक सर्व्हर होता. टाकीतलं दूध किती, त्याचं तापमान काय, कॉम्प्रेसर चालू की बंद, हे तो दर मिनिटाला नोंदवून ठेवायचा. शिवाय चार जणांना बाहेरून, मोबाइलवरून ते पाहता यावं म्हणून तिनं चार युजर तयार केले होते. चेअरमन नानासाहेब. सचिव पुंजाराम. शहरातल्या डेअरीची तपासणी अधिकारी सोनिया. आणि केंद्राची ऑपरेटर शीला. चौघांनाही आकडे दिसायचे. कॉम्प्रेसर चालू-बंद करायची, थंडावा कमी-जास्त करायची मुभा मात्र एकाच युजरला होती. शीलाला.

ती मुभा सुकेशनीनंच दिली होती.

फाटकातून आत शिरताच आंबूस वासानं तिनं नाकाला रुमाल लावला. टाकीचा खालचा नळ उघडा होता. नालीतून दुधाचे फाटलेले गोळे वाहत रस्त्यापर्यंत गेले होते. चाळीस-पन्नास बायामाणसं त्याकडे बघत उभी होती. कोणी ओरडत नव्हतं. दोन वर्षं पावसानं हात दिला नव्हता, आणि या लोकांच्या घरात रोजचा पैसा येत होता तो फक्त या टाकीतून.

ऑफिसच्या पायरीवर शीला बसली होती. तिशीतली, हडकुळी. शेजारी तिची सासू दगडाबाई तिचा दंड धरून बसली होती, जणू सोडला तर कोणी ओढून नेईल.

आत पोलीस ठाण्याचे साहेबराव जमादार पंख्याखाली बसले होते. नानासाहेब उभे होते. पांढऱ्या शर्टावर घामाचे डाग.

"काढा कागद," नानासाहेब म्हणाले. "चार वाजता संचालकांची बैठक आहे. त्याच्या आत हिला काढायची आन गुन्हा दाखल करायचा. नायतर डेअरी आपला करारच मोडणार. एकशे ऐंशी घरं आहेत, मॅडम, एकशे ऐंशी."

सुकेशनीनं सर्व्हरचा पडदा उघडला. नोंद स्वच्छ होती.

चौदा मे, रात्री नऊ बावीस. युजर शीला, बाहेरून. कॉम्प्रेसर बंद.

पंधरा मे, पहाटे चार दहा. युजर शीला, बाहेरून. कॉम्प्रेसर चालू.

"म्हणजे सकाळी आलं की पॅनल चालूच दिसणार," जमादार म्हणाले. "हुशारीनं केलंय. हा मोबाइल कोणाचा, ते कळंल का?"

"मोबाइल कंपनीकडून काढावं लागेल. चार-पाच दिवस."

"आपल्याकडं चारपर्यंतच टाइम आहे," नानासाहेब म्हणाले.

सुकेशनी नोंदी मागे मागे सरकवत गेली आणि थांबली.

"जमादारसाहेब, हे बघा. हा युजर पहिल्यांदा वापरला गेला तो बावीस एप्रिलला, संध्याकाळी सहा दहाला. तेव्हा पासवर्ड बदलला. पहिल्या वेळी बदलावाच लागतो. त्या दिवसापासून रोज रात्री नऊच्या सुमाराला शीलाच्या नावानं लॉगिन आहे. बावीस रात्री."

"आन काय केलंय त्या बावीस रात्री?"

"थंडावा वाढवलाय. रोज. दूध जास्त गार केलंय."

साहेबरावांनी चष्मा काढला. "बावीस रात्री दूध सांभाळलं आन तेविसाव्या रात्री नासवलं? कामून?"

जमादारांनी शीलाला आत बोलावलं. ती उभीच राहिली.

"काल घरी किती वाजता गेली?"

"पावणेआठला. शेवटचा कॅन मोजला, कॉम्प्रेसर लावला आन गेले."

"मग?"

"भाकरी केल्या. जेवले. झोपले."

"मोबाइल दाखव."

तिनं कमरेची पिशवी सोडून बटणांचा एक जुना फोन टेबलावर ठेवला.

"हा नाय," नानासाहेब मध्येच म्हणाले. "हिच्याकडं मोठा फोन आहे. म्या सोता पाह्यलाय."

"तो यांनी नेला, मेंढरांमागं. पाडव्यापासून."

"यांनी म्हणजे बिरूनं," जमादारांनी लिहून घेतलं. "बिरू कुठं आहे आता?"

"घाटाखाली, खानदेशात. जिकडं पाला आसंल तिकडं. चार दिवस झाले, फोन लागत नाय."

"म्हणजे फोन नवऱ्याकडं, आन नवरा बेपत्ता." नानासाहेबांनी हात झटकले. "संपलं की मग."

शीलानं सुकेशनीकडे पाहिलं. "मॅडम, मशीन खोटं बोलत नाय म्हणतेत. मह्या नावानं लिहिलंय. आता म्या काय सांगू? तुमीच सांगा मला, म्या कवा केलं ते."

मार्चमध्ये सुकेशनीनं याच ऑफिसात चार बंद पाकिटं वाटली होती. प्रत्येकात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर युजरचं नाव आणि पहिला पासवर्ड.

"शीलाताई, मी तुम्हाला पाकीट दिलं होतं. ते कुठंय?"

"घरी आसंल. पेटीत. मला त्याचं काय काम? म्या तर हितं पॅनलवरच बटण दाबते."

तेवढ्यात पुंजाराम चहा घेऊन आले. साठीचे, पाठीत वाकलेले, शांत बोलणारे. बावीस वर्षं केंद्राचे सचिव. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी पहिला कप शीलाच्या हातात दिला.

"पोरीला आसं उभं नका ठेवू, जमादार," ते म्हणाले. "म्या सांगतो, ही आसं करणार नाय. मागल्या महिन्यात लेकीचं ऑपरेशन झालं पाचोडला. आठरा, एकोणीस, वीस, तीन दिवस म्या तिकडं होतो. सगळं केंद्र हिनं एकटीनं वढलं. एक थेंब इकडचा तिकडं झाला नाय."

"मग नाव कसं आलं?"

"मशीनचं काय सांगावं. लाइटीचा झटका बसला आसंल."

"झटक्यानं पासवर्ड टाकता येत नाही, भाऊ," सुकेशनी म्हणाली.

पुंजारामांनी मान हलवली आणि रिकामे कप गोळा केले.

सुकेशनी आणि जमादार दगडाबाईबरोबर तिच्या घरी गेले. रेल्वेरुळांपलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या. दारात काट्यांचं कुंपण, त्यात चार शेळ्या. मेंढरं बिरूबरोबर गेलेली. काल-परवा जन्मलेलं एक करडू निळ्या अक्षरांच्या पांढऱ्या पोत्यावर झोपलं होतं. अशी आणखी पोती कुंपणाला सावलीसाठी बांधलेली होती.

"पोती बरी मिळाली, आजी," जमादार म्हणाले.

"भाऊंनी देली. पुंजारामभाऊंनी. शेरडाखाली आथरा म्हणले." दगडाबाईनं पत्र्याची पेटी उघडली. "लई देवमाणूस. तेच सोडवतेल मह्या सुनंला."

पेटीत शिधापत्रिका, बिरूचा लग्नातला फेटा आणि तळाशी पाकीट. सुकेशनीनं ते उजेडात धरलं. चिकटवलेली कड जशीच्या तशी. वर तिचीच सही. कोणी उघडलंच नव्हतं.

"याचा अर्थ काय?" साहेबरावांनी विचारलं.

सुकेशनी पाकिटाकडे बघत राहिली. मग तिनं ते फाडलं आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. त्यावर लिहिलं होतं, लासूर १०३.

"नानासाहेबांना मी लासूर १०१ दिला होता. पुंजारामभाऊंना १०२. सोनियाला १०४." तिचा आवाज खाली आला. "घाईत होते. त्या दिवशी परतीची गाडी पकडायची होती. पहिल्यांदाच बदलतील सगळे, म्हणून मी ओळीनं दिले. ज्याच्या हातात स्वतःची चिठ्ठी होती, त्याला बाकीच्यांचे पासवर्ड ओळखायला दोन मिनिटं लागली असतील. शीलाताईंनी कधी लॉगिन केलंच नाही, म्हणून त्यांचा पहिला पासवर्ड तसाच राहिला. दुसऱ्यानं आत जाऊन तो बदलला आणि शीला होऊन बसला."

"म्हणजे तुमची चूक."

"हो. माझी. माझ्या जबाबात लिहा ते."

जमादारांनी लगेच लिहिलं नाही. "बाकीचे किती उरले?"

"तीन."

परत येईपर्यंत दीड वाजला होता. सोनिया केंद्रातच होती. ती पहाटे टँकरबरोबर आली होती आणि आता ऑफिसमागच्या लिंबाखाली बसून फोनवर वरिष्ठांना समजावत होती. तिच्या पिशवीत नमुन्याच्या बाटल्या रिकाम्याच होत्या.

"तुम्ही आज कशासाठी आला होतात?" सुकेशनीनं विचारलं.

"सरप्राइज तपासणी. शहर केवढं वाढलंय, बायपासला रोज नवी सोसायटी. दूध कमी आणि मागणी दुप्पट. सगळ्याच केंद्रांचे नमुने घ्यायला सांगितलेत."

"सरप्राइज म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं?"

सोनिया जरा ओशाळली. "चेअरमनना काल रात्री फोन केला होता. नऊ वाजून पाच मिनिटांनी. पहाटे पाचला कुलूप उघडायला कोणीतरी हवं ना."

"मग नमुना घेतला का नाही?"

"मी पोचले तेव्हा नळ उघडून दूध ओतणं चालू होतं. तळाला राहिलेलं नुसतं फाटलेलं. त्याचा नमुना कोण धरतो?"

"या केंद्राबद्दल आधी काही तक्रार?"

"दुधाची नाही. दोन हजार लिटरची अट आहे आमची. त्याच्या खाली गेलं की टँकरचा फेरा परवडत नाही, केंद्र बंद. आजूबाजूची तीन बंद केली या उन्हाळ्यात. लासूरचं मात्र टिकून होतं. एप्रिलमध्ये सलग तीन दिवस सतराशेवर आलं, तेव्हा बावीस तारखेला मी नोटीस पाठवली. परत लगेच दोन हजार. मला कौतुकच वाटलं."

सुकेशनी उठली. ऑफिसात जाऊन तिनं दूध मोजायच्या काट्यावरच्या छापील पावत्यांचा गठ्ठा मागवला. बावीस एप्रिलची संध्याकाळ. सहा आठ, सहा नऊ, सहा दहा, सहा अकरा. दर मिनिटाला एक कॅन, प्रत्येक पावतीवर शीलाची सही. कॅन उतरवणारी, मोजणारी, सही करणारी बाई त्याच मिनिटाला नवा पासवर्ड टाकत नसते.

मग तिनं टाकीच्या पातळीचा आलेख उघडला. शेवटची पावती रोज साडेसातच्या सुमाराची. तिथं रेघ आडवी व्हायला हवी होती. ती आडवी होत होती, पण अर्धा तासच. मग हळूहळू पुन्हा वर. पंचवीस मिनिटांत तीनशे लिटर. आणि त्याच वेळी तापमानही वर, चार-पाच अंशांनी.

तिनं जमादारांना पडदा दाखवला. त्यांनी वर चढलेल्या रेघेवर बोट टेकवलं. "पाणी."

"नुसतं पाणी डेअरीच्या तपासणीत लगेच सापडतं. अजून काहीतरी."

फाटकावरचा पहारेकरी भारत आत आला. चाळिशीचा, एका पायानं लंगडा.

"शीला गेल्यावर इथं कोण असतं?"

"म्या फाटकावर. भाऊ ऑफिसात, नऊपर्यंत. हिशेबाच्या वह्या लिहितेत. आन नाना आठ वाजता येतेत."

"कशाला?"

"त्यांचा पाण्याचा टँकर आसतो. कॅन धुवायला पाणी. पाइप हौदात सोडतेत, पाच मिनिटं बोलतेत, जातेत."

"रोज?"

"रोज. एक दिवस खाडा नाय."

"पुंजाराम पाचोडला गेले होते तेव्हा पण?"

"व्हय. नाना आलते की."

"काल रात्री भाऊ किती वाजता गेले?"

"नऊला. गाडीवर."

"आन सकाळी दूध ओतायला कोणी सांगितलं?"

भारतनं जरा विचार केला. "भाऊंनीच. वास सुटलाय म्हणले, लोकं आजारी पडतेल. त्यांनीच नळ सोडला."

सुकेशनी आलेखावर एकेक तारीख काढत गेली. एक एप्रिलपासून चौदा मेपर्यंत. मग खुर्चीत मागे टेकून तिनं डोळे मिटले. उत्तर तिला मिळालं होतं. ते मिळालं नसतं तर बरं, असंही तिला वाटलं.

चार वाजता संचालक जमले. खोलीत जागा नव्हती म्हणून बैठक पत्र्याच्या शेडमध्ये घेतली. मागं दूध घालणारी माणसं उभी राहिली. शीला एका कोपऱ्यात, दगडाबाईला बिलगून. पुंजाराम वही उघडून ठराव लिहायला बसले होते.

"वाचा कागद," नानासाहेब म्हणाले.

"वाचते," सुकेशनी म्हणाली. "कूलर शीलाच्या नावानं बंद झाला, हे खरं. पण ते नाव शीलानं एकदाही वापरलेलं नाही. तिचं पाकीट आज दुपारी जमादारांसमोर पहिल्यांदा उघडलं. मी पासवर्ड ओळीनं दिले होते, ही माझी चूक. त्यामुळे तिचा पासवर्ड तीनच माणसांना ओळखता आला असता. नानासाहेब, तुम्ही. सोनिया. आणि पुंजारामभाऊ."

नानासाहेब ताडकन उठले. "मह्यावर येता का?"

"बसा, नाना," साहेबराव म्हणाले. आवाज चढवला नाही, पण नाना बसले.

"दिवसभर एकच गोष्ट मला कळत नव्हती. हा माणूस बावीस रात्री दूध जास्त गार करतो. म्हणजे त्याला दूध टिकायला हवं आहे. मग एका रात्रीत त्याला ते नासायला का हवं झालं? काल रात्री असं काय घडलं? घडलं एवढंच, की नऊ पाचला सोनियाचा फोन आला. पहाटे नमुना घेणार. सतरा मिनिटांनी कूलर बंद झाला. नासलेल्या दुधाचा नमुना कोणी घेत नाही. दूध वाया घालवणं हा हेतूच नव्हता. त्या दुधात काय आहे, ते लपवायचं होतं."

मागच्या गर्दीत कुजबुज झाली.

"एक एप्रिलपासून रोज रात्री आठनंतर टाकीत तीनशे लिटर वाढतं. तेव्हा एकही कॅन आलेला नसतो. वाढतं तेव्हा टाकी तापते, कारण जे पडतं ते हौदातलं कोमट पाणी. त्यात दुधाची पावडर. म्हणून थंडावा वाढवावा लागतो. तो पॅनलवर वाढवायचा तर भारतच्या डोळ्यांदेखत उशिरापर्यंत थांबावं लागतं. घरी बसून वाढवायचा तर शीलाचं नाव लागतं. मुभा तिलाच आहे."

"त्या वेळी हितं मी बी आसतो आन पुंजाराम बी," नानासाहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज बसला होता.

"हो. म्हणून मी तारखा पाहिल्या. चव्वेचाळीस दिवसांत फक्त तीन दिवस टाकी वाढलेली नाही. अठरा, एकोणीस आणि वीस एप्रिल. तुमचा टँकर त्या तीन दिवशीही आला होता, भारतनं सांगितलं. सोनिया तर इथं नसतेच. त्या तीन दिवशी इथं नव्हता असा माणूस एकच. तो लेकीच्या ऑपरेशनला पाचोडला होता. शीलाची बाजू घेताना त्यांनी स्वतःच मला ते सांगितलं."

पुंजारामांचं पेन वहीवर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका पसरत होता.

"ते परत आले, बावीसला डेअरीची नोटीस आली, आता डेअरीची नजर तापमानावरही राहणार होती, आणि त्याच संध्याकाळी शीलाचा युजर पहिल्यांदा उघडला. नाना, काल सोनियाचा फोन आल्यावर तुम्ही कोणाला सांगितलं?"

नानासाहेब पुंजारामांकडे बघू लागले. "यालाच. किल्ली याच्याकडं आसते."

साहेबरावांनी काखेतलं निळ्या अक्षरांचं पोतं उलगडून टेबलावर ठेवलं. "दूध पावडर, पंचवीस किलो. दूध घेणाऱ्या केंद्राला पावडरचं काय काम, भाऊ? अशी अकरा पोती हिच्या घरी शेरडाखाली आहेत. तुमीच देलेली."

दगडाबाईनं तोंडावर पदर घेतला.

पुंजाराम उठले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"पंधरा दिवसांत गायी आटल्या," ते म्हणाले. "दोन हजाराचं सतराशे झालं. शेजारची तीन केंद्रं बंद झालेली म्या पाह्यली. तिथल्या बाया आता शहरात, बिल्डिंगीच्या कामावर. म्या म्हणलं, पाऊस पडंस्तोवर वढायचं. जुलैपर्यंत. मग कोणाला कळणार बी नाय. एक पैसा घरी नेला नाय म्या. वाढीव दुधाचा पैसा पावडरीत गेला, उरला तो लोकांच्याच बिलात घातला. वह्या पाहा."

"पाहीन," जमादार म्हणाले. "पण ते दूध लेकरं पीत होती, भाऊ. हौदाचं पाणी."

"व्हय."

"आन कालचं?"

"नमुन्यात पावडर सापडली आसती तर केंद्र कायमचं गेलं आसतं. एक दिवसाचं दूध नासलं तर लोकं म्हणतेल, लाइट गेली. तेवढंच माहीत होतं मला. मशीन नाव लिहून ठेवतं, हे माहीत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं."

तेव्हा शीला पुढं आली. सकाळपासून पहिल्यांदा तिनं दगडाबाईचा हात सोडला होता.

"रात्री माहीत नव्हतं, भाऊ. पण सकाळी सहाला नानांनी पडद्यावर मपलं नाव वाचलं, तवा तुमी माह्या शेजारी उभे होते."

पुंजारामांनी वही मिटली.

"लोकं थुकली मह्या अंगावर. सासूनं जमादाराचे पाय धरले. तुमी चहा आणला. दहा तास झाले. एकदा बी वाटलं नाय, सांगावं?"

"वाटलं," पुंजाराम म्हणाले. "लई डाव वाटलं. म्हणलं, हिला चार दिवसांत सोडतेल. माझं नाव निघालं तर केंद्र जाईल."

"चार दिवसांत म्या जगले आसते का, हे नाय वाटलं?"

त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. साहेबरावांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. जीपपर्यंत जाताना कोणी शिवी दिली नाही, कोणी वाट अडवली नाही. बावीस वर्षं ज्या माणसानं सगळ्यांचे आकडे लिहिले, त्याच्याशी आता काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं.

सोनिया फोनवर होती. लोक तिच्या तोंडाकडे बघत होते. ती दोनदा "सर, पण" म्हणाली आणि दोनदा गप्प बसली. मग तिनं फोन ठेवला.

"करार रद्द झालाय," ती म्हणाली. "माझं एवढंच ऐकलं त्यांनी. दहा दिवस छोटी गाडी येईल. प्रत्येक कॅन तपासून, जेवढं खरं दूध असेल तेवढंच. दहा दिवसांनंतरचं मी काही सांगू शकत नाही."

"आन त्यानंतर?" मागून एक म्हातारी म्हणाली.

सोनियानं रिकाम्या बाटल्यांची पिशवी खांद्याला अडकवली.

नानासाहेब शीलाजवळ आले. तिनंच विचारलं, "काटा चालू करू का? पाच वाजलेत. लोकं कॅन घेऊन येतेल."

"कर," ते म्हणाले.

सुकेशनीनं सगळे युजर बंद केले. आपल्या कंपनीच्या मालकाला फोन करून स्वतःच्या चुकीचं सगळं सांगितलं. पलीकडून मोठा आवाज आला, तो तिनं ऐकून घेतला. शेवटची बस साडेसहाला होती. ती बाहेर येऊन शेडच्या खांबाला टेकली.

रांग रोजच्यापेक्षा छोटी होती. काहींनी दूध हॉटेलवाल्याला मिळेल त्या भावानं दिलं होतं. शीला कॅन उचलत होती, तपासत होती, मोजत होती, पावती देत होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण हात थांबत नव्हते.

रांग संपत आली तेव्हा फाटकाबाहेर एक बाई उभी दिसली. हातात पाच लिटरची किटली, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. ती आतही येईना आणि परतही जाईना. पुंजारामांची बायको, लक्ष्मीबाई. त्यांच्याकडंही दोन गायी होत्या.

बायका तिच्याकडे बघू लागल्या. एकीनं काहीतरी पुटपुटलं. लक्ष्मीबाईनं किटली दुसऱ्या हातात घेतली आणि वळली.

"वहिनी," शीलानं हाक मारली. "या. काटा चालू आहे."

लक्ष्मीबाई आली. तिची बोटं किटलीच्या कडीतून सुटेनात, ती शीलानं सोडवली. दूध तपासलं, मोजलं. चार लिटर तीनशे. पावती फाडून तिच्या हातात दिली आणि पुढचा कॅन घ्यायला वाकली.